पेंटबॉलचे सहा सेल

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं ग्रेस! मोठ्यानं बोल, नुसती खरखर येतेय... हो, मार्थाच बोलतेय, दुसरं कोण असणार या घरात?... मीच लावणार होते तुला. दुकानातूनच बोलतेस ना?... तुझे सॅमराव आहेत शेजारी?... छान, मग त्यांनाही विचारता येईल. ऐक. मला सेल पाहिजेत. सहा. ते चौकोनी, नऊ व्होल्टचे... हो, आजच! उद्या शनिवार, उद्याच तर पेंटबॉलचा सामना आहे...

अगं दिले होते, कोण नाही म्हणतंय? मागच्या रविवारीच दिलेत तुम्ही, चार्ज होणारे सहा. वर चार्जरही दिलात... कुठं गेले म्हणजे? गेले! कामातून गेले!... ऐक ना. आमचे कपडे शिवणाऱ्या राहीबाई आहेत ना... हो, त्याच. त्यांच्याकडं ठेवले होते. माझ्याकडं दुपारभर लाईट नसते, त्यांच्या गल्लीत असते. म्हटलं, बाई, हे रिचार्जचे सेल आहेत, तेवढे चार्ज करून ठेवा. तर त्यांनी काय करावं?... उन्हात ठेवले!...

हसू नकोस!... पत्र्यावर. कुरडयांच्या शेजारी. चार दिवस, मे महिन्यात!... चार्जर कपाटात. त्यांना वाटलं तो रेडिओचा आहे...

आता त्यांना तरी काय बोलणार? आपले बाबा नाही का बॅटरीचे सेल जन्मभर कौलांवर वाळत घालायचे? त्या म्हणाल्या, "बाई, साधं सेल एक दिस उन्हात ठिवलं तरी पुन्ना चालत्यात. हे तर त्याच्यासाठीच केलेलं हायेत, म्हनून मी चार दिस ठिवलं..." हो, इथंच बसल्यात. डोळ्याला पदर... राहीबाई, चहा घ्या हो, तुम्हाला कुणी काही म्हणत नाहीये... दोन फुगलेत, एकातून पाणी सुटलंय. बाकीचे मी जिभेला लावून बघितले. काही नाही गं, मुंगी चावल्याइतकंसुद्धा नाही...

कशाला लागतात म्हणजे? अगं, बंदूक हवेवरच चालते, पण तिच्या डोक्यावर रंगाच्या गोळ्यांचा डबा असतो. त्यात छोटा पंखा असतो, तो गोळ्या खाली ढकलतो. पंखा सेलवर. सेल बसला की पंखा बसला, पंखा बसला की गोळी अडकली, मग धरा हातात नुसती बंदूक, लाटण्यासारखी!... आणि ते मैदान चालवणारे निवृत्त फौजी सेल देत नाहीत. ज्याचे त्याने आणायचे, म्हणतात. मागं कुणीतरी त्यांचे काढून घरी नेले, रेडिओत घालायला...

हं, सांग. सॅमराव काय म्हणतायत?... दोन्ही प्रकार आहेत. बरं... वापरून फेकायचे जास्त जोर देतात... आणि दमले तरी हळूहळू दमतात. म्हणजे पंख्याच्या आवाजावरून कळेल मला... आणि चार्जचे?... एकदम बसतात? सांगून नाही सवरून नाही?... आणि नवे असले तर दोन-तीनदा भरून उतरवल्याशिवाय पुरते भरतही नाहीत?... मग कशाला विकता गं लोकांना?... हो, पुन्हा पुन्हा वापरायला बरे, माहितीय. पण मला पुन्हा पुन्हा कुठं वापरायचेत? मला एकदाच वापरायचेत. उद्या. एका माणसावर...

मग फेकायचेच दे!... काय?... सहाच उरलेत? मग झालं की, मला सहाच पाहिजेत!... कुणीतरी सांगून ठेवलेत? कुणी?... कोण म्हणालीस?...

आबासाहेब?

आबासाहेब तुझ्या दुकानात आला होता?... काल? आणि तू मला आज सांगतेस!... गिऱ्हाईक कसलं गं, गिऱ्हाईक! तुला माहितीय ना त्यानं काय केलंय?... नाही, तुला वरवर माहितीय. तू नव्हतीस तिथं. मी होते.

जिल्ह्याची खोखोची फायनल, ग्रेस. जिंकलं की राज्याला. अर्धं मिनिट राहिलेलं, आमच्या शाळेची वृषाली पळत होती. नववीतली पोरगी, पण अशी पळते की बघत राहावं. ती कडेला आली, वळली, एक पाय बाहेर, एक आत. आत! मी समोर उभी होते. आणि पंच होता हा आबासाहेब, यानं शिट्टी मारली, दोन्ही पाय बाहेर, बाद! एका गुणानं हरलो... हो, बोलले की मी. लगेच बोलले. तर सगळ्यांसमोर काय म्हणाला? "मार्थाबाई, बायकांचं असंच असतं, हरल्या की रडायला लागतात." पोरी ऐकत होत्या गं...

आणि त्याहून वाईट पुढं झालं. बाकीच्या पोरी वृषालीला म्हणायला लागल्या, तुझ्यामुळं राज्याला जायचं राहिलं. वर्गात, डबा खाताना, पाणी भरताना, तेच. ती पोरगी नोव्हेंबरपासून मैदानावर फिरकली नाही. मी घरी गेले तिच्या, तर म्हणते, "बाई, माझा पाय बाहेर गेला असंल." तिलाच वाटायला लागलंय आता तसं!... म्हणून. म्हणून ही पैज.

हो, पैज. तुला सांगितलं नव्हतं, तू ओरडशील म्हणून. क्रीडाशिक्षकांची बैठक होती, उद्याच्या सहलीचं ठरत होतं. आबासाहेबाच्या शाळेचे सहा, आमच्या शाळेच्या सहा जणी. तर हा मिशीवर हात फिरवत म्हणतो, "मार्थाबाई, तुमच्या टीमनं आम्हाला रंगवलं, तर मी तुमच्या शाळेत येऊन प्रार्थनेच्या वेळी सांगतो, पंच चुकला." दोन्ही हेडबाई-हेडमास्तरांसमोर!... मी म्हटलं, कबूल. जूनला, पहिल्याच दिवशी... आणि मी हरले तर त्या निकालाविरुद्ध केलेला तक्रारीचा अर्ज मागं घ्यायचा आणि पुन्हा त्याविषयी ब्र काढायचा नाही... हो, शब्द दिलाय. चारचौघांत दिलाय...

तर आता ऐक. तुमच्याकडं ते जुने चार्जचे सेल पडलेत ना, चर्चच्या कॉर्डलेस माईकमधून काढलेले?... तेच. पाळकसाहेबांचा उपदेश अर्ध्यात बंद पडायचा ते. मुद्दामच लोक ते घालायचे म्हणतात... तर ते पूस, चकचकीत कर, आणि दे आबासाहेबाला... हो तर! जशास तसं! पंधरा मिनिटं चालतील, मग पंखा बंद. राहील उभा माळावर, आणि मी समोरून जाऊन अशी एक छातीवर, एक पोटावर, आणि एक त्या शिट्टीवर! शिट्टी गळ्यात घालूनच फिरतो तो, लग्नातसुद्धा. एकदा त्याची जिरवली ना, की मी...

पाप? पापाचं मी रविवारी बघते... सॅमराव नको म्हणतायत? त्यांना म्हणावं, दुकानाचं नाव खराब होत नाही, सेल आहेत, नशीब आहे ज्याचं त्याचं... काय?... नाही, काय म्हणालीस मघाशी? "आधीच त्याला वाईट वाटतंय" म्हणजे? कुणाला वाईट वाटतंय?...

ग्रेस. अर्धं सांगून थांबू नकोस. काल काय बोलला तो दुकानात?... सॅमरावांशी. हं... चहा घेत... हं... माझं नाव निघालं... आणि?...

"पाय आत होता."

असं म्हणाला?... थांब, जसंच्या तसं सांग... "शिट्टी वाजली आणि मग मला दिसलं, पोरीचा पाय आत होता"... त्याला दिसलं होतं?... तिथंच? तेव्हाच?... आणि? मग का नाही... "एकदा वाजली की वाजली. पंचानं शिट्टी मागं घेतली तर उद्या त्याला कोण मानेल"...

अगं, मला वाटत होतं त्याला दिसलंच नाही. सहा महिने मी स्वतःला तेच सांगत होते, मार्था, माणूस आहे, नजर चुकते, एवढं मनात धरू नये. अर्ज लिहिला तेव्हासुद्धा मी "नजरचुकीनं" असंच लिहिलं. खाडाखोड करून लिहिलं. आणि त्याला माहिती होतं! ती पोरगी घरात तोंड लपवून बसली आणि हा चहा पिताना सांगतोय... वाईट वाटतंय म्हणे! सॅमरावांना कशाला सांगतो? सॅमराव खेळत होते खोखो?... ज्याला सांगायचं त्याला सांगायची छाती नाही आणि दुकानात बसून मन हलकं करतो!...

नाही, रडत नाहीये. संताप येतोय... हो गं, येतंय पाणी, पण ते संतापाचं आहे.

ग्रेस, ऐक. ते माईकचे सेल होते तिथं ठेव... हो, नको देऊ. ते नवे सहा आहेत ना, फेकायचे? ते दे त्याला. आबासाहेबालाच दे... माफ? कुणी केलं माफ? तुला माझा आवाज माफ केल्यासारखा वाटतोय?...

अगं, समज जरा. उद्या त्याचा पंखा बंद पडला आणि मी त्याला रंगवलं, तर काय म्हणेल तो? सेल बसले! प्रार्थनेला उभा राहील आणि तेच म्हणेल, "पोरींनो, त्या दिवशी आमचे सेल बसले, नाहीतर..." आणि हसेल. आणि वृषाली खाली मान घालून ऐकेल. नाही! त्याच्या तोंडात एक सबब राहू द्यायची नाही मला. एवढीशीसुद्धा नाही. तो हरला तर हरलाच पाहिजे, धडधाकट, हातात चालती बंदूक धरून...

येईल ना संध्याकाळी घ्यायला? मग त्याच्यासमोर पाकीट फोड. म्हणावं, सर, जिभेला लावून बघा. सहाच्या सहा लावायला लाव! आणि पावतीवर लिही, सहा सेल, नवे, तपासून घेतले. खाली त्याची सही घे, तारीख घाल... आणि सांग, "मार्थाताईला पाहिजे होते, पण तिनंच सांगितलं की चांगले तुम्हाला द्या." नाव घे माझं, स्पष्ट घे. आज रात्रभर त्याला कळलं नाही पाहिजे, असं का केलं बाईनं...

मला? मला ते चार्जचे दे. नवे... असू दे, पुरते भरत नाहीत तर नाहीत. किती चालतील, विचार सॅमरावांना... तासभर? फार तर?... सामना दोन तासांचा आहे, माहितीय मला. तासाभरात उरकते मी त्याचं... हो, एकदम बसतात, ऐकलं मघाशी! सारखं सारखं नको सांगूस...

किती वेळ लावावे लागतात?... चौदा तास. आत्ता चार वाजलेत, म्हणजे सकाळी सहाला होतील. एका चार्जरमध्ये दोनच बसतात ना? मग तीन चार्जर लाव. आत्ता दुकानातच लाव, आणि दुकान बंद केलं की घरी ने, केडगावला, तुमच्या गल्लीत लाईट जात नाही... गेली तर? गेली तर उठून बघ, आली की पुन्हा चालू कर, काय होतंय? आमची जीप सातला निघते इथून, नगरला स्टँडवर थांबेल, तिथून पारनेरचा रस्ता धरू. तू स्टँडवर घेऊन ये. रुमालात गुंडाळून आण, आणि हो, उन्हात धरू नकोस!...

नाही, हसले. थोडी हसले. बरं?...

काय?... हो, तो धोका आहेच. मुद्दाम वाईट सेल घेऊन उतरतेय मी, कळतंय मला... मूर्ख म्हण, वेडी म्हण. आई असती तर तीही म्हणाली असती. पण अगं, खोटे सेल देऊन जिंकले तर मी आणि तो सारखेच की! मग मी त्याच्यावर कोणत्या तोंडानं चिडू? मला तर चिडायचंय. पोटभर चिडायचंय!...

हरले तर?

हरले तर अर्ज मागं घेईन. शब्द दिलाय... गप्पही बसेन. पण त्याआधी तिथंच, माळावर, सगळ्यांसमोर म्हणेन, मी हरले. सेल बसले असं म्हणणार नाही, ऊन होतं म्हणणार नाही, गोळी अडकली म्हणणार नाही. मार्था हरली, एवढंच. आणि एवढ्या मोठ्यानं म्हणेन की त्या माणसाला ऐकू जावं, आपलं चुकलं की कसं बोलायचं असतं ते... हो. त्याच्याकडं बघूनच म्हणेन.

बरं, ठेव आता, चार वाजून गेले. आधी ते सेल चार्जरला लाव.