दादाच्या शब्दांची पाटी

वहिनी: हात लावण्याआधी एका शब्दानं विचारायचं तरी होतंत, भावोजी.

धाकटा: माझ्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हात लावायला परवानगी काढू?

वहिनी: ऑफिस दोघा भावांचं आहे. आणि मशिन ह्यांचं. सकाळपासून तेच ते बटण दाबतायत. स्क्रीनवर मदतीची पाटी उघडते आणि तिच्यातलं अक्षरही त्यांना लागत नाही.

धाकटा: न लागायला काय झालं? कुठलं बटण दाबलं की काय होतं, एवढंच तर आहे. सेव्ह, अनडू, फाइंड. एडिटरमध्ये मूळचं असतं तेच. सगळ्या जगाला कळतं.

वहिनी: सगळ्या जगाला अर्धांगाचा झटका आलेला नाही! ते शब्दच गेलेत त्यांचे. म्हणून मी शेजारी बसून, त्यांना विचारविचारून एकेक लिहिला होता. सेव्हला 'ठेव'. फाइंडला 'कुठाय'. अनडूला 'चुकलं'. उजवा हात चालत नाही म्हणून सगळी बटणं डावीकडे आणून ठेवली होती.

धाकटा: आणि ते 'कुठाय' बघून पंप कंपनीचे साहेब म्हणाले, भाषांतराचं ऑफिस आहे की बालवाडी? गिऱ्हाइकासमोर शोभा झाली माझी.

वहिनी: तुम्ही हसलात तेव्हा.

धाकटा: मी कशाला हसेन?

वहिनी: वाचा गेलीय त्यांची. डोळे शाबूत आहेत.

धाकटा: बरं, हसलो असेन. पुढे?

वहिनी: पुढे काय, जुनी पाटी परत लावा.

धाकटा: नाही ती आता. मूळचं परत आणताना तुमची फाइल उडाली.

वहिनी: उडाली, की उडवलीत?

धाकटा: उडवली! झालं समाधान?

वहिनी: काय बिघडवलं होतं हो त्यांनी तुमचं?

धाकटा: ऐकायचंय? ऐका. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं भाषांतर केलेलं प्रत्येक पान मी पुन्हा वाचतो, निस्तरतो आणि गपचूप पाठवतो. परवा वाफेची झडप 'बंद करा' असं हवं होतं, तिथं त्यानं 'उघडा' लिहिलं. वाफेची झडप, वहिनी! तसंच छापून गेलं असतं तर एखादा कामगार भाजून निघाला असता.

वहिनी: मला बोलला नाहीत कधी.

धाकटा: काय बोलू? हे काम बोट धरून त्यानंच शिकवलं मला. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की तू आता नकोस?

वहिनी: म्हणून पाटी पुसलीत. बटणं दाबून दाबून वैतागतील, आपणहून घरी बसतील. तुम्ही नामानिराळे.

धाकटा: तसं समजा.

वहिनी: भित्रे आहात तुम्ही. लहानपणापासून त्यांच्या पाठीमागे लपलात, आताही लपताय.

धाकटा: आणि तुम्ही? रोज खुर्चीला खुर्ची लावून बसायचात. तुम्हाला त्या चुका दिसल्याच नाहीत?

वहिनी: दिसायच्या. मी हळूच नीट करायचे. सगळ्या नाही सापडायच्या मला.

धाकटा: वा! म्हणजे दोघंही त्याला फसवत होतो. आणि भित्रा मी एकटा!

(दादा काठी टेकत दारात येऊन उभा राहिला आहे. किती वेळ, ते दोघांनाही माहीत नाही.)

दादा: दाखव.

वहिनी: अहो, तुम्ही बसा आधी.

दादा: तो... वाफ. दाखव.

धाकटा: जाऊ दे ना, दादा. झालं ते झालं.

दादा: दाखव!

धाकटा: हे बघ. ही ओळ. लाल केलीय ती.

दादा: उ... घडा.

धाकटा: हो.

दादा: बंद. बंद... पाहिजे.

धाकटा: हो, दादा.

वहिनी: एकच ओळ आहे हो ती. कुणाच्याही हातून होईल.

दादा: नाही. तू... गप. हा बरोबर. मी... घरी.

वहिनी: असं नका बोलू. मी वाचत जाईन ना प्रत्येक पान, दोनदा वाचेन.

दादा: घरी. चल.

धाकटा: दादा, थांब. पाटी मी परत लावतो. तुझे शब्द तू सांग, तसेच्या तसे लिहितो. आत्ता लिहितो.

दादा: नको. सांगितलं... असतंस. खुर्चीवरून... मीच उठलो असतो.