आधी चार मिनिटं ब्लोअर

मंडळी, बसून घ्या. मागे अजून खुर्च्या आहेत. एवढ्या बर्फात केंब्रिजहून, ग्वेल्फहून ड्राइव्ह करून तुम्ही एटोबिकोच्या या हॉलपर्यंत आलात, सुलभावहिनींसाठी आणि त्यांच्या लेकीसाठी, केतकीसाठी आलात. आपल्या मराठी मंडळाच्या माइकसमोर मी इतकी वर्षं बोललो, कधी अडखळलो नाही. आज अडखळलो तर सांभाळून घ्या. दुःख आहेच, पण खरं सांगू? राग जास्त आहे. मला दिनकर सोहोनीचा भयंकर राग आला आहे. आणि तो ऐकून घ्यायला दिनू इथे नाही, याचा त्याहून जास्त.

दिनू कारखान्यातल्या टूलरूममधून रिटायर झाला. लोक फ्लोरिडाला जातात, हा ग्वेल्फबाहेरच्या शेतावरच्या एका जुन्या कोठारात, बार्नमध्ये गेला. तिथे मार्था होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्था ही बोट. अठ्ठावीस फुटी, दोन दांडगी पेट्रोल इंजिनं, उघड्या पाण्यातल्या लाटांवरून शर्यत मारायला बांधलेली जुनी बोट. नाव आधीच्या मालकाने दिलेलं. वहिनी फोनवर विचारायच्या, "जेवायला येताय, की मार्थाने वाढलंय?"

अशा बोटीत दोघं लागतात. एकाकडे सुकाणू, दुसऱ्याकडे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग. सुकाणू माझ्याकडे होतं, कारण दिनूच्या मते ते काम कुणीही करू शकतं. खरं काम थ्रॉटलचं. बोट लाटेवरून उडाली की तिला ढकलणारे मागचे पंखे पाण्याबाहेर येतात, इंजिनावरचा भार जातो आणि ते पिसाळल्यासारखं किंचाळतं. त्या क्षणी थ्रॉटल मागे घ्यायचं. पाण्यावर आपटता आपटता पुन्हा पुढे. पळभर चुकलात तर आतला दांडा मोडतो. दिनू हे कानांनी करायचा. "डायलकडे बघत बसलं की उशीर होतो, वक्ते," म्हणायचा. मला तो वक्तेच म्हणायचा. त्यात मान किती होता आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्यांदा आम्ही मार्थाला जॉर्जियन बेमध्ये उतरवलं, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि इंजिनाचं झाकण उघडून आत उदबत्ती ओवाळायला गेलो. दिनूने झडप घालून ती पाण्यात फेकली. आणि ओरडला, "पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते! गणपती प्रसन्न होईल रे, पण आपल्याला त्याच्याकडे जाऊन आशीर्वाद घ्यावा लागेल!"

त्या दिवसापासून नियम झाला. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर. एक छोटा पंखा तळाची वाफ बाहेर ओढतो. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, वास घ्यायचा, कान द्यायचे. मी तोंड उघडलं की, "वक्ते, भाषण नंतर. आधी ब्लोअर." दर खेपेला! किनाऱ्यावर लोक खोळंबले आहेत, पाऊस येतो आहे, पण दिनूचं घड्याळ चालूच. मी म्हणायचो, "अरे, तीन मिनिटांत काय होतं?" तो म्हणायचा, "काही होत नाही. एक दिवस होतं."

एक दिवस होतं. हे ज्याला इंजिनाबद्दल कळत होतं, त्याला स्वतःबद्दल कळू नये?

या हॉलमध्ये निवृत्त डॉक्टर किती आहेत? हात वर करा. बघा. सहा, सात. वहिनी, यांच्यातल्या एकाला तरी त्याने विचारलं? नाही. गेल्या शनिवारी दुपारी मी बार्नमध्ये गेलो, तर हा उलट्या बादलीवर बसलेला, डावा खांदा दाबत, थंडीतसुद्धा कपाळावर घाम. मी म्हटलं, "काय रे?" म्हणाला, "पाना ओढताना लचकलं." मी म्हटलं, "चल, इमर्जन्सीत जाऊ." म्हणाला, "आठ तास बसवून ठेवतात. हा कार्ब्युरेटर बसवून होऊ दे. आणि सुलभाला बोलू नकोस."

आणि मी बोललो नाही.

ऐकलंत? मी. शिवजयंतीला दीड तास बोलणारा. तुमच्या मुलांच्या साखरपुड्यातही माइक न सोडणारा. खिशात फोन होता, काढून वहिनींना एक वाक्य सांगायचं होतं. मी त्याला पाना दिला. सोमवारी सकाळी तो गेला. कार्ब्युरेटर मात्र अगदी चोख बसला आहे.

वहिनी, तुमची माफी मी घरी येऊन मागितली. तुम्ही एवढंच म्हणालात, "तो शब्द तुम्ही मोडायला हवा होता." आज सगळ्यांसमोर सांगतो, हो, मोडायला हवा होता.

आल्यापासून चार जणांनी मला विचारलं, बोटीचं काय करणार? इंटरनेटवर विकायला टाका, म्हणाले. केतकीने काल त्याचा निकाल लावला. जूनमध्ये मार्था पाण्यात उतरेल. थ्रॉटल केतकीकडे. मी म्हटलं, "आणि सुकाणू?" ती म्हणाली, "काका, यू कान्ट स्टिअर स्ट्रेट. बट ओके." बापाची मुलगी आहे.

आता उभे राहा. दोन मिनिटं नाही, चार. दिनूच्या हिशेबाने. त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आहे, आणि आज ती हिसकावून घ्यायला कुणी येणार नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. त्या चार मिनिटांतल्या गप्प राहण्याला त्याने एक अपवाद ठेवला होता. कुणाला पेट्रोलचा वास आला, तर त्याने तिथल्या तिथे ओरडायचं. म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या छातीत दुखत असेल, किंवा शेजारच्याने तुम्हाला "कुणाला सांगू नकोस" म्हटलं असेल, तर ही शांतता मोडा. मध्येच बोला. मी रागावणार नाही.

दिनू, भाषण संपलं. ब्लोअर चालू कर.