फक्त 'अ' काढा

जुळारी: त्या दगडाला हात नका लावू, दार आपटेल.

पाहुणी: काका, हा दगड नाही. शिल्प आहे. याचं भावंड काचेच्या पेटीत ठेवलंय एका मोठ्या संग्रहालयात.

बायको: असेल. तिथली दारं आपटत असतील मग.

जुळारी: अहो बाई, हे घडवणाऱ्या घणबाईनंच लिहून दिलंय. पत्र आहे तिचं. 'हे डोकं ज्या दिवशी नुसतं शोभेला उभं राहील, त्या दिवशी येऊन परत नेईन.' म्हणून कामाला लावलंय.

पाहुणी: घणबाई! अख्खं जग ज्यांना...

जुळारी: जगानं काय म्हणायचं ते म्हणावं. आमच्याकडे ती घण घेऊनच पहिल्यांदा आली. खिळे ठोकायला हातोडी मागितली होती मी.

पाहुणी: बरं, मी पुन्हा एकदा वाचते. चित्रं चौतीस. शिल्पं सहा, दारातलं धरून. आणि पत्रं... बुटांची खोकी...

बायको: अकरा. बूट म्हणाल तर यांनी जन्मात चार जोड घेतले. खोकी शेजारच्या दुकानातून मागून आणायचे. दुकानदाराला वाटायचं, ह्या घरात गोम राहते.

पाहुणी: या सगळ्यासाठी आमच्या संग्रहालयात एक स्वतंत्र दालन. कायमचं. दाराशी पाटी असेल, तिचा मजकूर आणलाय. 'एका मुद्रण कामगाराच्या संग्रहातून.'

जुळारी: हे प्रूफ आहे की छापून झालंय?

पाहुणी: प्रूफच समजा.

जुळारी: मग पेन्सिल घ्या. 'मुद्रण कामगार' खोडा. तिथे 'जुळारी' करा.

पाहुणी: हल्ली हा शब्द कुणाला कळायचा नाही काका.

जुळारी: नाही कळला तर विचारतील. छपाईचे खिळे जुळवतो तो जुळारी. एकेचाळीस वर्षं एकेक अक्षर बोटांनी उचलून ओळीला लावलंय मी, तेही उलटं. शिशाचं अक्षर उलटं असतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. 'कामगार' काय, कुणीही असतो. आणि 'संग्रह'सुद्धा खोडा.

पाहुणी: आता संग्रह नाही तर काय म्हणायचं याला?

जुळारी: संग्रह तिकिटांचा होतो. ही माझी माणसं आहेत.

बायको: बघितलंत? ह्यांच्याशी संसार म्हणजे रोजचं प्रूफ. लग्नाआधी एक चिठ्ठी लिहिली मी, तर शुद्धलेखन सुधारून परत आली.

जुळारी: चार चुका होत्या.

बायको: पाच. पाचवी नंतर केली. मांडवात.

पाहुणी: काकू! ...बरं, हे मधलं चित्र. दालनात समोरच लावू. 'ओली भीती.' माझ्या पुस्तकात ह्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. माणसाच्या आत झिरपत जाणारी जी...

जुळारी: भिंत.

पाहुणी: काय?

जुळारी: ओली भिंत. लांब्यानं तेच नाव दिलं होतं. लांब्या म्हणजे तुमचे ते थोर चित्रकार. सहा फूट दोन इंच. ह्या दारातून वाकून यायचा. त्याच्या पहिल्या प्रदर्शनाचं पत्रक आमच्या छापखान्यात आलं. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेलीय. मी 'भीती' जुळवलं.

पाहुणी: म्हणजे ती... छपाईची चूक?

जुळारी: पत्रक हातात पडल्यावर तरातरा आला. म्हटलं, गेली नोकरी. माझ्यासमोर उभा राहिला, पुन्हा एकदा वाचलं आणि हसत सुटला. म्हणाला, चित्र माझं बरंय, पण नाव तुझं चांगलंय. प्रदर्शन संपलं तसा चित्र डोक्यावर घेऊन चालत आला. 'चूक तुझी. तूच सांभाळ.' अशी सुरुवात.

पाहुणी: माझं अख्खं प्रकरण...

बायको: अहो, काही खोटं नाही ते. भिंत ओली असली की भीती वाटतेच. आमच्या न्हाणीघराची बघा एकदा.

जुळारी: मग तो रोज यायला लागला. मी कात्रणं द्यायचो, कागदाची. छापखान्यात कडा कापतात ना, चांगला जाड कागद वाया जातो. त्याच्यावर तो चित्रं काढायचा, मी पत्रं लिहायचो. त्यानं मित्र आणले. घणबाईला त्यानंच आणलं.

बायको: आणि मी त्यांना जेवायला वाढलं. ते नाही तुमच्या पुस्तकात.

पाहुणी: एक विचारू काका? त्या चित्रकारांची दोनशे पत्रं तुमच्याकडे आहेत. पण तुमची त्यांना गेलेली? एकही नाही मिळालं. त्यांचं घर पालथं घातलं आम्ही.

जुळारी: जाळली असतील.

बायको: अहो.

जुळारी: नाहीतर रद्दीत गेली. कागदच तो. हे बघा बाई, चित्रं न्या, दगड न्या, दहा खोकी न्या. लांब्याचं खोकं मिळणार नाही.

पाहुणी: पण त्याच्याशिवाय दालन कसं होईल? सगळं त्याच्यावरच तर उभं आहे!

जुळारी: अर्धवट पुस्तक बांधणीला देत नाहीत.

पाहुणी: अर्धवट म्हणजे?

बायको: ते नाही सांगायचे. मी सांगते. ते मोठं सभागृह बांधलं ना, त्यात लांब्यानं भिंतभर चित्र केलं. सगळ्या शहरानं टाळ्या पिटल्या. हे जाऊन बघून आले आणि पत्र धाडलं, 'हे तू केलेलं नाहीस, तुझ्या सहीनं केलंय.' संपलं. लांब्याचं यायचं बंद, लिहायचं बंद. मग वर्षभर हे दर महिन्याला एक पत्र लिहीत राहिले. बारा पत्रं. एकाचं उत्तर नाही. तेराव्या महिन्यात लांब्या गेला.

जुळारी: झालं सांगून?

बायको: नाही झालं. नऊ वर्षं झाली, अजून पोस्टमन दिसला की उठून उभे राहतात.

जुळारी: पाय मोकळे करतो मी.

पाहुणी: काका, निदान एक बघा. दालनात तुमच्या चित्रांसमोरच्या भिंतीवर आम्ही काय लावणार आहोत ते. लांब्यांची शेवटची चित्रमालिका. पुस्तकात लिहिलंय तिच्यावर, पण अजून कुठे लावलेली नाही. त्यांच्या मोठ्या बहिणीनं दिली, टेबलाच्या खणात होती म्हणाल्या. नाव मी दिलंय. 'अबोल.'

(ती टेबलावर छायाचित्रं ओळीनं मांडते. बारा. जुळारी वाकून एकेक बघू लागतो.)

पाहुणी: लिपी जन्माला येण्याआधीची लिपी. शब्दांवरचा विश्वास उडालेला कलावंत शेवटी नुसत्या रेषांकडे...

जुळारी: खोकल्याचं औषध घेतोस का?

पाहुणी: मी? मला नाही खोकला.

जुळारी: तुम्हाला नाही. इथे लिहिलंय. दुसऱ्या क्रमांकात. 'खोकल्याचं औषध घेतोस का, की बाटलीत ब्रश बुडवून ठेवतोस?'

पाहुणी: कुठे?

जुळारी: उजवीकडून वाचा. उलटं आहे. अक्षरांवर शिरोरेघ दिलेली नाही, रेघ दिली की कुणीही ओळखतं.

बायको: अगं बाई. अहो, हे तर... थांबा, आरसा आणते.

पाहुणी: मला कळत नाहीये.

जुळारी: त्याची बहीण पत्रं फोडायची. आधी स्वतः वाचायची, मग त्याला द्यायची. म्हणून मी त्याला उलटं लिहायचो, शिशातल्यासारखं. मला हाताला सवय. तो दाढीच्या आरशात बघून वाचायचा. बहिणीला वाटायचं, मित्र रेघोट्या पाठवतोय.

बायको: हा घ्या आरसा. धरा असा, कडेला. दिसलं?

पाहुणी: 'तुझ्या खिडकीतलं... झाड... तोडलं का रे?' अरे देवा.

बायको: खाली बघा. 'ही म्हणते, ये जेवायला, रागावून पोट भरत नाही.' ही म्हणजे मी!

जुळारी: 'अबोल' म्हणे. नुसती बडबड आहे ही.

पाहुणी: बारा चित्रं. बारा पत्रं. मी इतकी वर्षं... पण काका, ह्या पत्रांवरचा लाल रंग लांब्यांचाच आहे. तपासून घेतलाय आम्ही. हे बघा, पहिल्यात. ह्या ओळीखाली ठिपक्यांची रांग. मी लिहिलंय, 'पाऊस'. आणि ही रेघ, शेवटी वळसा घेतलेली. 'सुटलेला धागा.'

जुळारी: कुठल्या ओळीखाली ठिपके?

पाहुणी: ह्या. ही खोडलेली दिसते.

जुळारी: ती मीच खोडली होती. लिहिली आणि खोडली. 'सभागृहातलं चित्र तुझं नव्हतं.' आणि धागा? धागा कुठे आहे?

बायको: मी बघते. वळसा... 'माफ कर' वर आहे. 'मी बोलायला नको होतं, माफ कर.' सगळ्यावरून गेलाय.

जुळारी: पुन्हा सांग. ठिपके कशाखाली?

बायको: 'तुझं नव्हतं' खाली. अहो, काय झालं? बसा. बसा आधी.

जुळारी: प्रूफ तपासलंय त्यानं.

पाहुणी: म्हणजे?

जुळारी: चुकून खोडलेल्याखाली ठिपके दिले की त्याचा अर्थ, राहू द्या जसंच्या तसं. आणि रेघेला वळसा दिला की, काढून टाका. माफी काढ म्हणतोय. आणि जे बोललास ते राहू दे. छापखान्यात माझ्या शेजारी स्टुलावर तासन्‌तास बसून शिकला ह्या खुणा. गाढव! लाल शाईसुद्धा तीच घेतलीय.

बायको: म्हणजे उत्तर दिलं होतं.

जुळारी: बाराही पानांना.

बायको: मग टाकलं का नाही पोस्टात? नऊ वर्षं आम्ही इथे...

जुळारी: मी शिकवलं होतं. प्रूफ एकेक पान परत धाडायचं नसतं, सगळं तपासून झालं की एकदम पाठवायचं. आणि मी लिहायचा थांबतच नव्हतो. तो तरी कधी पाठवणार?

पाहुणी: काका... मला पुस्तक पुन्हा लिहावं लागणार. पाऊस, धागा, लिपीच्या आधीची लिपी. लोक हसतील मला.

जुळारी: दुसरी आवृत्ती म्हणतात त्याला. चांगल्या पुस्तकांचीच निघते. 'भीती' छापली तेव्हा मलाही वाटलं होतं, लोक हसतील. हसला तो एकटाच, आणि मला एवढी माणसं मिळाली. आता लिहून घ्या. खोकं देतो.

पाहुणी: लांब्यांचं?

जुळारी: पुरं झालं आता ते. बांधणीला द्यायला हरकत नाही. पण त्या बारांच्या समोर आरसा लावा. मोठा. शाळेतली पोरंसुद्धा पाठ करून वाचू शकली पाहिजेत.

पाहुणी: पोरं पाठ करून?

बायको: पाठ वळवून म्हणायचंय त्यांना. दुसऱ्यांच्या चुका काढतात.

जुळारी: पाठ वळवून. बरं. आणि पाटीवर, त्या मालिकेच्या पाटीवर, दोन नावं. त्याचं आणि माझं. मी मागून घेतोय, लाज नाही वाटत मला. पत्र एकट्याचं नसतं.

पाहुणी: देईन. आधी तुमचं देईन.

जुळारी: आधी त्याचं. उंचीप्रमाणे.

पाहुणी: आणि मालिकेचं नाव? आता 'अबोल' कसं ठेवू? सगळं नव्यानं सुचायला हवं.

जुळारी: नव्यानं कशाला? फक्त 'अ' काढा.

बायको: ...'बोल'. काय हो, म्हातारपणी हुशारी सुचतेय.

जुळारी: एकेचाळीस वर्षं काय केलं मग?

पाहुणी: हे बारावं राहिलं. निदान हे तरी मी बरोबर ओळखलंय ना? हा डोळा. वर एक कमान, खाली एक कमान, मध्ये मोकळं. संग्रहालयाची खूण म्हणून घेतलाय आम्ही. हे बघा, निमंत्रणपत्रिकेवर छापलाय.

बायको: ह्यात लिहिलंय काय? दोनच अक्षरं दिसतात. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला.

जुळारी: थकलो होतो. एवढं लिहायचं आणि समोरून काही नाही. एका कडेला 'तू' लिहिलं, दुसऱ्या कडेला 'मी'. मधला कागद कोरा सोडला. म्हटलं, बघ बाबा, एवढं लांब झालंय.

पाहुणी: आणि त्यांनी मध्ये डोळा काढला.

जुळारी: डोळा नाही तो. दोन अक्षरांत चुकून जागा सुटली, की तिथे अशा दोन कमानी घालतात.

पाहुणी: म्हणजे काय करायचं?

जुळारी: मधली जागा काढायची. जोडून घ्यायचं. ...तू वाच गं आता. आरशात धर.

बायको: तूमी. ...असा शब्द नाही हो.

जुळारी: नव्हता.