झोपलेल्या चिपचा कान

तुमी रिमोटवर चालणाऱ्या मोटरीचं कौतुक करताय, पण मला निरवांगीच्या आमच्या तात्यांचा पंचा आठवतो.

विहिरीवरच्या मोटरीच्या शाफ्टाला, म्हंजी फिरत्या दांड्याला, सुतळी गुंडाळली हुती. मी म्हणलं, "तात्या, आधी फ्यूज काढा."

"कशाला? रिमोटच्या पेटीवरचा दिवा विझलाय की. दिवा विझला म्हंजी आतली चिप झोपली, बसवणारा सांगून गेलाय."

अन् घातला हात. सुतळी निघाली, हात बाहेर आला, तोच पेटीत खट्ट झालं अन् मोटर फिरली. तात्यांच्या खांद्यावरनं लोंबणारा पंचा शाफ्टानं वढून घेतला, चिंध्या झाल्या. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं.

तात्या पांढरेफटक. "आरं, झोपली हुती न्हवं?"

"झोपलीच हुती. बॅटरी वाचावी म्हणून झोपती, पण मधनं मधनं उठून कुणी हाक मारतंय का ऐकती."

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. घरनं काकू बोलत हुत्या. "आवं, जनावरांना पाणी पायजे म्हणून रिमोट दाबला. मोटर चालू झाली का कायच कळंना. परत दाबू का?"

 तात्या म्हणाले, "आधी त्यो रिमोट खाली ठेव. मग बोल."