वहिनींसाठी आणलेले मूग

माझ्या शहाणपणाचं सांगतो. नव्वदच्या दशकात कृषी कॉलेजात असताना मी लोहाचं औषध मोजून घातलेल्या पाण्यात मुगाला मोड आणायचो. वहिनींच्या अंगात रक्त कमी, म्हणून दर शनिवारी ते मूग पुणतांब्याला घरी न्यायचो. वहिनी लगेच उसळ करायच्या.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं, तर रक्त आणखी उतरलेलं. मी चिडलोच. "वहिनी, तुम्ही मूग खाल्लेच नाहीत ना?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "भावजी, आदी तुमी दोघं भाऊ जेवता. मागं उसळ उरली तर मी खानार ना!"

दर शनिवारी "वहिनी, अजून वाढा" म्हणणारा मीच होतो. पातेल्यात काय उरलंय, ते मात्र एकदाही बघितलं नाही.