पापणीवर बसलेला हत्ती

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय काशीराम शिगवण साहेब. प्रमुख पाहुण्या, कानाच्या डॉक्टर दर्शना सावंत मॅडम. आजच्या सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मराठीच्या शिक्षिका नंदा तांबे मॅडम. डोंबिवलीहून खास आलेले त्यांचे चिरंजीव प्रथमेशदादा. व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्यामुळे खाली बसलेले तितकेच सन्माननीय पाहुणे. पालकहो, शिक्षकहो आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सुरुवातीलाच एक खुलासा करते. मी तोंडाने बोलणार आहे आणि शेजारी उभे असलेले ऋत्विक सर ते खुणांच्या भाषेत मुलांना सांगणार आहेत. आज दुभाष्याचं काम खरं तर माझ्याकडे आहे. पण एकीकडे तोंडाने मराठी आणि दुसरीकडे हातांनी खुणा असं केलं की दोन्ही भाषा लंगडतात, म्हणून एवढ्या भाषणापुरती मी सुट्टी घेतली आहे. कर्णबधिरांच्या शाळेत निदान एवढं तरी नीट व्हावं.

काल साहेब मला म्हणाले, "रेणुका, दोन शब्द म्हणजे दोनच हां! गेल्या वेळी तुझ्यामुळे वडे थंड झाले." साहेब, मी रात्रभर विचार करून दोनच शब्द आणले आहेत. एक कान आणि दुसरा हत्ती.

नंदा मॅडमचा सगळ्यात आवडता पाठ वाक्प्रचारांचा. आता बघा, शाळा कर्णबधिरांची आणि शिकवायची भाषा मराठी, जी कानाशिवाय पाऊल टाकत नाही! कान भरणे, कान फुंकणे, कान उपटणे, कानाला खडा लावणे, हलक्या कानाचा असणे. परीक्षेत अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा. आमच्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "नदीत पोहल्यावर माझे कान भरतात." मॅडमनी अर्धा गुण दिला. म्हणाल्या, "वाक्य शुद्ध आहे, आणि खोटंही नाही."

'कानावर हात ठेवणे' आलं तेव्हा तीच मुलगी उठली. "मॅडम, आम्ही हात ठेवला काय, नाही ठेवला काय, सारखंच!" मॅडमनी उलट विचारलं, "मग एखाद्याचं ऐकायचं नसेल तेव्हा तुम्ही काय करता?" अख्ख्या वर्गाने डोळे मिटून घेतले. मॅडम इतक्या खूश झाल्या, की संस्कृतातला एक शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला, गजनिमीलिका. म्हणजे हत्तीचं डोळे मिटणं, दिसत असून न दिसल्यासारखं करणं. सुपाएवढे कान असलेला प्राणी, पण दुर्लक्ष करायचं तर तोही डोळेच मिटतो! त्या दिवशी आमच्या मुलांना हत्ती एकदम घरचा वाटला.

तेव्हापासून मॅडम कानाच्या आणि हत्तीच्या म्हणी जमवू लागल्या. पोलंडमध्ये बेसूर गाणाऱ्याला म्हणतात, 'ह्याच्या कानावर हत्तीने पाय दिलाय.' शेजारी रशियात तोच पाय अस्वलाचा असतो. रशियात थापा मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कानांवर शेवया टांगणं. आपण राईचा पर्वत करतो, जर्मन लोक डासाचा हत्ती करतात. तेच तेच ऐकून आपले कान किटतात, जपानी लोकांच्या कानांना घट्टे पडतात. हे सगळं मी दोन-दोन ठिकाणी पडताळून पाहिलं आहे. तरी सभागृहात पोलंडचं कुणी असल्यास कृपया दुरुस्ती सुचवावी.

आमच्या घरातही एक हत्ती आहे. माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. बाबा मिरकरवाडा बंदरात मासेमारीची जाळी दुरुस्त करतात. माझी पहिली शाळा म्हणजे त्यांचे हात. आमच्या घरी दोन्ही तळवे कानांपाशी धरून हत्तीच्या कानांसारखे हलवले, की त्याचा अर्थ 'लोक बघतायत, हात आवर.' तुम्ही म्हणता भिंतीला कान असतात. आमच्या भिंतींना डोळे. तुम्ही आवाज बारीक करून कुजबुजू शकता. खुणा मात्र दहा हातांवरून वाचता येतात.

बाबांनी मला दुभाष्याच्या कामाचा एकच नियम शिकवला. मी सहा-सात वर्षांची असेन. एक व्यापारी बाबांना काहीतरी वाकडं बोलला आणि मी ते सांगेना. बाबांनी मला समोर उभं केलं. "तो जे बोलला ते सगळं सांग. तू गाळणी होऊ नकोस, नळ हो. काय घ्यायचं नि काय सोडायचं ते माझं मी बघीन."

सभ्य गृहस्थहो, हा नियम आज माझ्या मानगुटीवर बसला आहे. कारण थोड्या वेळापूर्वी ह्या सभागृहात काही बोललं गेलं आहे आणि ते अर्ध्याच लोकांपर्यंत पोचलं आहे.

साहेब, तुम्ही बोलत होतात, "आता मॅडम मुलाकडे सुखाने राहतील, रविवारी टेम्पो येतोय, सामान निघालंय," तेव्हा तुम्ही मध्येच थांबून विचारलंत, "पोरं सारखी मागे काय बघतायत? वडे आले काय?" आणि ऋत्विक सर "हो" म्हणाले. सर, तुम्ही माझ्याहून मोठे आहात, पण वडे आले नव्हते.

झालं असं, की हार सावरण्याच्या निमित्ताने नंदा मॅडमनी मागे दारात उभ्या असलेल्या मालनमावशींशी हळूच खुणांनी बोलायला सुरुवात केली. मालनमावशी आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात, त्यांनाही ऐकू येत नाही. मॅडमना वाटलं, आपण कुजबुजतोय. इतकी वर्षं ह्या शाळेत काढून त्या हे कशा विसरल्या, देव जाणे! मॅडम काही म्हणाल्या की साठ माना मागे वळायच्या, मावशींचं उत्तर वाचायच्या आणि परत पुढे. मी माईकपाशी उभी राहून हत्तीचे कान हलवून दमले. त्यांचं लक्षच नव्हतं.

इंडोनेशियात एक म्हण आहे. ही आमच्या एका विद्यार्थिनीच्या भावाने जहाजावरून पाठवली, मूळचे ते नाटे गावचे. 'समुद्रापलीकडची मुंगी दिसते, पण पापणीवर बसलेला हत्ती दिसत नाही.' आपल्याकडे कुसळ आणि मुसळ. आज ह्या सभागृहात ज्यांना ऐकू येतं, त्या आपल्या सगळ्यांच्या पापणीवर हत्ती बसला आहे.

तो कुठला ते सांगण्याआधी मी मॅडमना विचारते. मॅडम, तुम्ही 'नको' म्हणालात तर मी इथेच आभार मानून खाली बसेन.

मॅडम खुणेने म्हणताहेत, "अर्धी शाळा जाणते. आता उरलंय काय? सांग."

मग सांगते, जसंच्या तसं. मॅडम म्हणाल्या, "मला जायचं नाही." मावशी म्हणाल्या, "मग सांग की पोराला." मॅडम म्हणाल्या, "त्याने माझ्यासाठी एक खोली जास्तीची घेतली. आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?" त्यावर मावशी म्हणाल्या, "तोंड कशाला लागतं? हात आहेत ना!"

प्रथमेशदादा, तुम्ही तेव्हा मोबाईलवर आईचं चित्रीकरण करत होतात. त्यात हे सगळं आलं असेल.

रागावू नका. तुमच्या आईला काय सोडवत नाही, तेही सांगते. दर गुरुवारी संध्याकाळी मिरकरवाड्यात त्या आयांचा वर्ग घेतात. ज्यांच्या मुलाला ऐकू येत नाही आणि ज्यांना त्या मुलाशी बोलता येत नाही, अशा बायका. माझी आजी त्याच वर्गात शिकली. तोवर ती बाबांशी बोटाने बोलायची, हे घे, तिकडे जा, जेव. बाबा दोन मुलांचे बाप झाल्यावर आजी त्यांच्याशी पहिलं पुरं वाक्य बोलली. "लहान होतास तेव्हा समुद्राला फार घाबरायचास." बाबा म्हणाले, "अजून घाबरतो." मग दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत बसली. आई म्हणते, त्या दिवशी आमटी करपली, पण कुणी उठलं नाही.

आता हा वर्ग कोण घेणार? मला विचारलंत तर मी घाबरते. मला खुणा येतात, पण रडणाऱ्या आईला पहिल्या दिवशी काय सांगायचं ते येत नाही. ते मॅडमना येतं.

मी खूप बोलले. क्षमस्व, साहेब. आता आभार...

थांबा. प्रथमेशदादा उभे राहिलेत. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आहे आणि ते आईशी खुणांनी बोलताहेत. ऋत्विक सर, तुम्ही थोडा विसावा घ्या, हे मी मराठीत सांगते. खुणा जरा मोडक्या आहेत, मुलं हसताहेत, पण अर्थ स्पष्ट आहे. "आई. तू हो म्हणालीस. मी खरं मानलं. मला वाटलं, तू इथे एकटी आहेस." आता मुलांकडे बघून, "एकटी नाही." परत आईकडे, "रविवारचा टेम्पो रद्द. बाकीचं घरी बोलू."

मॅडम म्हणताहेत, "खोली ठेव. दिवाळीला येईन. पंखा लावलास काय?"

साहेब, मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्या आमच्या टाळ्या.

अध्यक्ष महोदय, सावंत मॅडम, मालनमावशी, हात दुखेपर्यंत साथ देणारे ऋत्विक सर आणि शांतपणे बसलेले आपण सगळे, मी आपली मनापासून ऋणी आहे. निरोपाच्या समारंभात निरोपच अर्धवट राहिला, ही माझी पहिली चूक. सत्कारमूर्तींच्या गुणांची जी यादी मला वाचायला दिली होती, ती मी वाचलीच नाही, ही दुसरी. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, सांगताना काही कमीजास्त झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

मॅडम आणि दादा अजून बोलताहेत. त्यांना आता मध्ये कुणी लागत नाही.

नमस्कार.