व्हायोलावरच्या टिकल्या

—रडू नकोस सिद्धे, आधी ऐक. आणि इंग्रजीतून शिव्या देऊ नकोस, तुझा आजोबा सातवी नापास, सगळ्या फुकट जातील. हो, टिकल्या मीच काढल्या. सकाळी, तू दात घासत होतीस तेव्हा. आता आत ऑर्केस्ट्राची परीक्षा, दहा मिनिटांत तुझा नंबर, आणि व्हायोलाच्या तारांखालची पट्टी कशी — कोरी पाटी!

बोटांच्या खुणांसाठी तुझ्या शिकवणीच्या मॅडमनी चिकटपट्टी लावायला सांगितली, घरात मिळेना, तेव्हा आजीच्या डबीतल्या टिकल्या कुणी लावल्या? मीच. ती गेल्यापासून डबी उघडली नव्हती — असो. पण तू टिकल्यांकडेच बघत बसायचीस! सूर लागला का ढळला, कानाला पत्ताच नाही, नुसती डोळ्यांनी वाजवायचीस. मग मी काय केलं? — मारशील. दर रविवारी तू आईबरोबर अवोन्डेलच्या बाजारात गेलीस की टिकल्या सरकवायचो. एक वर, एक खाली, अर्ध्या तांदळाएवढं अंतर.

पहिल्या आठवड्यात मॅडमचं तोंड — बिस्किटात मिरची लागल्यासारखं! मी पेपरामागे लपून हसत होतो. म्हणून तर सँडरिंगहॅमच्या आपल्या देशी दुकानातून ती तंबोऱ्याची विजेची पेटी आणली. एकच सूर धरून बसते, माझ्यासारखी हट्टी. बोट चुकलं की सुराचं पेटीशी भांडण, मग बोट आपोआप सरकायचं. परवा बघितलं — टिकली इथं, बोट तिथं, आणि मॅडम डोळे मिटून डोलतायत! तुला कळलंही नाही. मला कसं कळलं? मॅडमच्या तोंडावरून. कानांवर भरवसा ठेवायचे माझे दिवस कधीच — म्हणजे — काही नाही.

अशी बघू नकोस. बरं, डावा कान गेलाय. उजव्याला जाडजाड तेवढं येतं. व्हायोलिन नको, पोरीला व्हायोलाच द्या, म्हणून तुझ्या बापापाशी हटून बसलो होतो, ते काय उगाच? व्हायोलिनची चिवचिव माझ्यापर्यंत पोचतच नाही गं. तुझा हा घोगरा पोचतो. बाबाला सांगायचं नाही हं, कानात यंत्र खुपसेल.

पुकारलं? तुझंच नाव ना? हसतेस काय, मला कसं ऐकू येणार! ऊठ. नाक पूस. टिकल्या माझ्या खिशात आहेत, पाया पडलीस तरी मिळायच्या नाहीत. पट्टीकडे बघायचं नाही. पळ आता — आणि सिद्धे, दार घट्ट लावू नकोस.